मूठभर पीठ

"गेलं! गेलं! फडताळाखाली गेलं! उर्मे, झाडू आण जल्दी!"

शेजारच्या गोजरकाकू एका हातात चप्पल घेऊन आणि दुसऱ्या हाताने पातळाचा सोगा सावरत आपल्या स्वयंपाकघरभर उड्या मारत होत्या. एरवी अख्ख्या गल्लीला नाचवणाऱ्या काकू, आणि आज त्यांना बोटाच्या पेराएवढं झुरळ नाचवत होतं! उर्मीने धावत झाडू आणला, पण झुरळ तिच्यासाठी थोडंच थांबणार? ते फटीत केव्हाच पसार झालं होतं.

उर्मीचा मामेभाऊ विलास सुट्टीसाठी जालन्याहून वडीगोद्रीला आला होता. पाहुण्याच्या रीतीने त्याने हसू कसंबसं गिळलं. उर्मीचा धाकटा भाऊ कचरू मात्र गल्लीतलाच. तो खो खो हसला.

"दात नको काढू रे!" गोजरकाकू खेकसल्या. "परवा दुधाच्या पातेल्यात सापडलं, काल भाकरीच्या टोपलीत. हे सगळं त्या साखराबाईचं देणं! संक्रांतीला माझ्या खोलीत भाड्यानं राह्यला आली, अन् होळी झाल्यापासून गल्लीत झुरळंच झुरळं. जिथं जिथं शेवयाचं पीठ मळायला गेली, तिथं तिथं झुरळं! मेंढरामागं हिंडणारी माणसं, त्यांना काय घर ठेवता येतं? आखाजीच्या आत खोली खाली कर म्हणून बिलकुल सांगून टाकलं मी."

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, काही फार लांब नव्हती. साखराबाईंची शोभा म्हणजे तिची जिवाभावाची मैत्रीण. दोघी सहावीत एकाच बाकावर बसायच्या. खोली गेली, तर मायलेकी परत शोभाच्या मामाच्या वस्तीवर जाणार, आणि तिथली शाळा चौथीतच संपत होती. पुढे काय, हे सांगायला कोणी ज्योतिषी नको होता.

दुपारी लिंबाखाली विलासने कॅरम मांडला. शोभा आली खरी, पण स्ट्रायकरला तिने हात लावला नाही.

"माय माझी पुस्तकं पोत्यात भरून राह्यली," ती म्हणाली. "मी म्हणलं, सातवीची नवीन घ्यायचीत ना? तर काही बोललीच न्हाई." मग एकदम तिचा आवाज चढला. "आमच्या खोलीत एक बी झुरळ न्हाई! माय रोज राखेनं भांडे घासती, रात्री खरकटं ठेवत न्हाई. पण आमचं कोण ऐकतं?"

"ऐकत न्हाईत, तर दाखवू!" उर्मी म्हणाली.

"काय दाखवणार? नसलेलं झुरळ?" विलासने विचारलं.

प्रश्न अगदी बरोबर होता. उर्मीने सोंगटी बोटांत फिरवली. मग म्हणाली, "असलेली तर धरता येतील? आधी सगळ्यांच्या घरी धरू. कुठं आहेत, कुठं न्हाईत, हे तरी कळेल!"

लोणच्याच्या रिकाम्या बरण्या मिळाल्या. तळाशी गुळाचा खडा, गळ्याला आतून तुपाचं बोट, आणि चढून आत जायला बाहेरून एक काडी. आत पडलं की तुपावरून घसरत बसायचं, वर येणं नाही! एक बरणी गोजरकाकूंकडे, एक पलीकडच्या नंदाबाईंकडे, एक शोभाच्या खोलीत आणि एक उर्मीच्या घरी. काकूंनी तर आनंदाने जागा दाखवली. "धरा मेल्यांना! तेवढंच पुण्य लागंल."

सकाळी चौघांनी बरण्या ओट्यावर मांडल्या. काकूंच्या बरणीत झुरळांची नुसती जत्रा! नंदाबाईंच्याही बरणीत बरीच. शोभाची बरणी रिकामी, आणि उर्मीच्या घरचीही.

"संपलं!" विलास ओरडला. "शोभा सुटली!"

पण गोजरकाकू अशा हार मानणाऱ्या नव्हत्या. "वा रे वा! तिच्या खोलीमागच्या मोरीत बघा की. मोरीतून निघतात अन् साखराबाईच्या पदराला लागून घरोघर जातात." झालं! काकूंशी वाद म्हणजे भिंतीशी कुस्ती.

पण बघायला काय हरकत होती? विलासने नाक दाबून मोरीवरची फरशी उचलली. आत झुरळं होतीच. मोठी, तांबूस, पंखवाली. एक तर फडफडत थेट कचरूच्या अंगावर आलं, आणि मघापासून फुशारक्या मारणारा हा वीर बोंब ठोकत शोभाच्या मागे लपला!

उर्मी हसली नाही. तिने काकूंच्या घरची बरणी उन्हाला धरली आणि डोळे बारीक करून पाहिलं. "विलास, हे बघ. ही किती बारकी आहेत! रंग फिका, पिवळट. अन् डोक्यामागं पाठीवर दोन काळ्या रेघा. मोरीतल्यांना अशा रेघा कुठं आहेत?"

"ही त्यांची पोरं असतील," विलास म्हणाला.

"पोरं? मग ह्यांना पंख कसे फुटले? ही पुरी वाढलेलीच आहेत. ही जातच निराळी. मोरीतली गोजरकाकूंकडं गेलीच न्हाईत!"

मग ही बारकी आली कुठून? त्या दिवशी नंदाबाईंच्या गच्चीवर बाजेवर शेवया वाळत होत्या आणि कावळे हाकायचं काम पोरांकडे होतं. काठी हातात धरून उर्मी विचारात पडली होती. जिथं साखरामावशी गेली तिथं झुरळं, असं काकू म्हणतात. ऐकायला खरंच वाटतं. माणसाला एकदा एखाद्याचा राग आला की पुढचं सगळं आपोआप खरं वाटायला लागतं. पण तपासून कोणी पाहिलंय का?

"शोभे, ह्या शेवयाचं पीठ मावशीनं मळलं का गं?"

"न्हाई. नंदाबाईची सासू कणकेला दुसऱ्याचा हात लागू देत न्हाई. माय इथं आलीच न्हाई कधी."

"अन् माझ्या घरी ती रोज येऊन बसते! गव्हं निवडती, चहा पिती. मंग झुरळं इथं हायेत, अन् आमच्याकडं का न्हाईत? असं काय आहे, जे इथं आलं अन् आमच्याकडं आलं न्हाई?"

कचरूने तोंडात शेवयाचा तुकडा टाकला होता. तो चघळत म्हणाला, "शेवया! आपल्या शेवया कुठं झाल्यात अजून?"

तिघेही त्याच्याकडे बघतच राहिले. शेवयांचं यंत्र!

गल्लीत यंत्र एकच होतं, केशरआजीचं. उन्हाळा लागला की ते लाकडी पेटीत बसून घरोघर फिरायचं. आज ह्यांच्याकडे, परवा त्यांच्याकडे. साखराबाईंच्या दारी मात्र ते कधीच थांबलं नव्हतं. त्या नव्या, परगावच्या. घरच्यापुरत्या शेवया त्या हातावरच करायच्या.

"अन् बाकीच्या वर्षभर ते यंत्र कुठं असतं?" विलासने विचारलं.

"रायभानदादाच्या हॉटेलात," कचरू म्हणाला. रायभान हा केशरआजीचा मुलगा, त्याचं रस्त्याकडेला चहाभज्यांचं हॉटेल होतं. "भट्टीमागं ठेवत्यात, गंजू नये म्हणून. अन् असली बारकी झुरळं तिथं बिस्किटाच्या बरणीमागं लई असत्यात!"

"अरे गाढवा, मग आधी का नाही सांगितलंस?" विलास वैतागला.

"तुम्ही इचारलं का?"

आता सगळं जुळत होतं. पण पोरांचं कोण ऐकणार? केशरआजी गल्लीतली सगळ्यांत वडील, यंत्राला नावं ठेवणं म्हणजे आजीला नावं ठेवणं. आणि उर्मीला आणखी एक गोष्ट टोचत होती. शोभाच्या दारातून उचललेला ठपका आजीच्या दारात नेऊन टाकायचा का? मग तोही यंत्रासारखा घरोघर फिरत राहील.

दुसऱ्या दिवशी पेटी उर्मीकडे यायची होती. उर्मीने सकाळीच गोजरकाकूंचं घर गाठलं. "काकू, आमच्या शेवयाला तुमची ती लग्नातली मोठी परात पाहिजे. अन् माय म्हणती, यंत्राची पेटी उघडायचा मान यंदा तुमचा!"

माय असं काही म्हणाली नव्हती. पण मान म्हटल्यावर काकू थांबतात होय? नवं पातळ नेसून परातीसकट हजर! अंगणात केशरआजी, नंदाबाई आणि आणखी दोघीतिघी जमल्या. एका कोपऱ्यात साखराबाई उभ्या होत्या, उर्मीने हात धरून आणलेल्या.

"परातीत साबणाचं पाणी कशाला गं? अन् मधी विटा?" उर्मीच्या आईने, पुष्पाबाईंनी विचारलं.

"पेटी त्या विटांवर ठेवायची. मंग कळंल, माय."

काकूंनी हळदकुंकू वाहिलं, कडी काढली, झाकण उघडलं. यंत्राखाली घडी करून अंथरलेलं गोणपाट त्यांनी दिमाखात ओढलं, आणि...

"अगं बाई गं!"

गोणपाटाच्या घडीघडीतून झुरळं सांडली! बारकी, पिवळट, पाठीवर दोन रेघा. बाहेर पळायला गेली ती पटापट साबणाच्या पाण्यात पडली. गोजरकाकू तर थेट ओट्यावर! गोणपाटाच्या शिवणीत तपकिरी दाणे चिकटले होते. विलासने एक काडीने टोकरून दाखवला. "हे गहू नाहीत, काकू. अंड्यांच्या डब्या आहेत. एकेकीत तीसचाळीस!"

काकू ओट्यावरूनच कडाडल्या. "केशरबाई! तुमची पेटी, अन् सारी गल्ली नासवली!"

केशरआजीचा चेहरा पार उतरला. पदर तोंडाशी धरून ती खालीच बसली. ठपका निघाला होता पुढच्या दारी!

"थांबा, काकू," उर्मी म्हणाली. तिने पेटीच्या खणाकडे बोट दाखवलं. "हॉटेलातून थोडीच आली असतील. पेटीत जगली कशावर? हे काय आहे बघा."

यंत्राशेजारच्या खणात पिठाचा ढीग होता. काही ताजं, काही जुनं, काळपट, जाळ्या धरलेलं. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. उसनं आणलेलं भांडं रिकामं परत देऊ नये, ही गल्लीची जुनी रीत. म्हणून प्रत्येकीने शेवया झाल्यावर पेटीत मूठभर पीठ ठेवूनच ती पुढे दिली होती. चांगल्या मनाने दिलं होतं. गंजेल म्हणून यंत्र कोणी धूत नव्हतं आणि लक्ष्मी म्हणून पीठ कोणी काढत नव्हतं. झुरळांना ऊब मिळाली, दाणापाणी मिळालं, वर घरोघर फिरायला पालखीही मिळाली!

"पीठ एकट्या आजीनं ठेवलं का?" उर्मीने विचारलं. "सगळ्यांनीच ठेवलं. फक्त साखरामावशीनं न्हाई ठेवलं. तिला यंत्र दिलंच न्हाई कुणी."

नंदाबाईंनी मान खाली घातली. गोजरकाकू ओट्यावरून हळूच उतरल्या.

मग मात्र गल्ली कामाला लागली. पेटीवर उकळतं पाणी ओतून ती कडक उन्हात वाळवली, गोणपाट जाळलं, यंत्र धुऊन पुसून त्याला तेलाचा हात दिला. फडताळामागच्या फटी चुन्याने लिंपल्या, रात्री खरकटं ठेवायचं नाही असं ठरलं. राहिला घराघरांत दडलेल्या झुरळांचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर होतं विलासच्या कॅरमच्या पिशवीत. त्याच्या शेजारच्यांनी जालन्यात बोरिक पावडरच्या गोळ्यांनीच झुरळं घालवली होती. विलासने कॅरमच्या बोरिक पावडरचा डबा हातात धरून एक लांब उसासा टाकला. "संपली सुट्टी! आता सोंगट्या काय पिठावर सरकवायच्या?" पण दिला! कणीक, साखर आणि ती पावडर कालवून साखराबाईंनी हरभऱ्याएवढ्या गोळ्या वळल्या आणि लहान पोरांचा हात, गुराढोरांचं तोंड पोचणार नाही अशा सांदीकोपऱ्यांत ठेवल्या. मग त्यांनी हात साबणाने दोनदा धुतले. गोजरकाकूंच्या फडताळामागे साखराबाईंनीच गोळ्या ठेवल्या, आणि काकू शेजारी दिवा धरून उभ्या होत्या. रायभाननेही लाजत लाजत भट्टीमागची सगळी अडगळ बाहेर काढली.

झुरळं एका दिवसात गेली नाहीत. पण आखाजीपर्यंत काकूंच्या बरणीत सापडायला एकही उरलं नाही.

"पोरांनी डोळे उघडले आपले," केशरआजी ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती. "आपण चप्पल घेऊन झुरळामागं पळालो. हे आलं कुठून, एवढं इचारायचं ह्या उर्मीलाच सुचलं!" विलासची पाठ थोपटली गेली, कचरूला हॉटेलातली बिस्किटं मिळाली, उर्मी मात्र शोभाच्या दाराकडे बघत होती. पुस्तकांचं पोतं अजून तिथेच बांधलेलं होतं.

आखाजीच्या सकाळी गोजरकाकू स्वतः पेटी उचलून साखराबाईंच्या दारात आल्या. कपाळावर घाम, आणि तोंडात काकूंना कधी सापडले नाहीत असे शब्द.

"साखराबाई... आज यंत्र तुमच्याकडं."

साखराबाई दारातच उभ्या राहिल्या. "मला हातावर येत्यात शेवया. यंत्राचं अडत न्हाई माझं."

"तुमचं अडत न्हाई, ठाऊक हाय मला. माझं अडतं. लई बोलले मी. मेंढरामागची म्हणले. तुमची खोली साऱ्या गल्लीत निर्मळ निघाली. ती सोडायची न्हाई आता. न्हाई घेतलं यंत्र, तर मी हितंच बसते पेटी घेऊन."

आणि काकू खरंच उंबऱ्यावर बसल्या! साखराबाईंच्या डोळ्यांत पाणी तरळलं. मग त्यांनी वाकून पेटीला हात लावला.

आत पीठ नव्हतं. कोरड्या, स्वच्छ खणात एक हळकुंड ठेवलेलं होतं. रिकामं देऊ नये ही रीत राहिली होती, झुरळाला खायला मात्र काही नव्हतं.

दुपारभर यंत्राचा दांडा फिरत राहिला. संध्याकाळी शोभाने पोत्याची गाठ सोडली आणि सहावीची पुस्तकं उर्मीसमोर ओतली. "ही कचरूच्या कामाला येतील पुढं. मला आता सातवीची लागतील."

साखराबाईंनी यंत्र पुसलं, तेलाचा हात दिला, आणि पेटीत आपल्या घरचं एक हळकुंड ठेवून कडी लावली.