छपरावर मिथुन

मे महिना लागला की आमच्या पोंभुर्ण्याकडे घरोघरी छपरावरची कवेलू फेरतात. फुटलेलं काढायचं, सरकलेलं बसवायचं, म्हणजे पावसात घर गळत नाही. माझी धाकटी बहीण गिरजा यंदा त्याच विवंचनेत होती. नवरा कधीचाच गेला, आणि एकुलता एक मिथुन रोमच्या फौजेत. आमच्याकडे हे काही नवं नाही. इथलं सागवान रोमच्या जहाजांना जातं आणि पोरं रोमच्या छावण्यांना. किती शतकं लोटली, ते राज्य काही पडत नाही. एखाद्याला लग्नाचं विचारलं, की तो हसून म्हणतो, 'रोम पडल्यावर!' मी सागवान डेपोच्या नाक्यावर जन्म घालवला. भूतखेत मानणारा माणूस मी नव्हे.

त्या दुपारी गिरजाकडे आंबील पीत बसलो होतो. वर खडखड वाजलं. वानर असेल म्हणून शिव्या देत काठी घेऊन बाहेर आलो, तर छपरावर मिथुन! फौजेचा लाल सदरा, पाय अनवाणी. एकेक कवेलू काढून तो बाजूला रचत होता. भर उन्हात अंगावर घामाचा थेंब नव्हता.

"अगो माय! आल्या आल्या कवेलू फेरून राह्यला!" गिरजा हसतही होती, रडतही होती. "अरे, जेव ना आधी! उन्हात कायले चढला?"

"फेरून नाई राह्यलो, माय. इथून आत येतो."

"काऊन? दार मोडलं का?"

तो माझ्याकडे वळला. "मामा, तिकडला रिवाज हाय. ज्याच्या मरणाची खबर घरी जाते, तो परत आला तर दारातून नाई येत. वरून उतरते. मंग त्याले जित्ता धरते."

मी काठी खाली टेकवली. "पण आमाले खबरच नाई आली, बेटा."

 तो घाईघाईनं आणखी कवेलू काढायला लागला. अंग जाईल एवढी जागा अजून झाली नव्हती.

गिरजा भडकली. "काय अभद्र बोलतं रे! आपल्याच घरात चोरावानी वरून येते का कोणी? दारातून ये. तुले माही शपथ हाय!"

त्याचा हात थांबला. फार केविलवाणं पाहिलं त्यानं आईकडे. मग तो शिडीवरून उतरला. शिडी कुरकुरली नाही.

"गिरजा, थांब जराशी," मी म्हणालो. पण भावाचं ऐकेल तर ती गिरजा कसली! तिनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, त्याच्या पायांवर पाणी ओतलं. तो उंबरा ओलांडून आत गेला. तिनं पाट मांडला, भात वाढला, कढी वाढली. पोरगा भुरके मारत जेवू लागला, आणि मलाही भरून आलं. म्हटलं, म्हातारपणी उगाच भ्यालो.

इतक्यात रोमच्या गरुडाची पाटी लावलेली फौजेची जीप दारात थांबली. गिरजा हात पुसत बाहेर आली, मागोमाग मीही. जीपमधून उतरलेल्या साहेबानं टोपी काढली. त्याच्या हातात, अस्थी आणतात तसा, तोंड बांधलेला मातीचा गडवा होता.

"बाई," तो हळूच म्हणाला, "पोरगा आला का घरी?"

"आला ना! जेवून राह्यला."

"वरून आला, का दारातून?"

"दारातून!" गिरजा ठसक्यात म्हणाली. "माहा पोरगा का चोर हाय?"

साहेबानं मान खाली घातली आणि गडवा उंबऱ्यावर ठेवला.

आत भुरक्यांचा आवाज चालू होता. तो थांबला.