तोंडभर कौतुक

बेटावरच्या सिंगातोका गावाबाहेर, वाळूच्या टेकड्यांवर पहाटेची प्रार्थना आटोपली की अकानिसी शिट्टी फुंकायची. प्रार्थनेआधी पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही, हा तिचा नेम. शिट्टीनंतर कुणी चालायचं नाही, हा तिच्या रग्बीच्या पोरींचा. त्या सकाळी समुद्रावरून बारीक सर येत होती, पोरी धापा टाकत टेकडी चढत होत्या... आणि वरून एक माणूस खाली येत होता. चालत नव्हे, बसून.

पायांत काळे चकचकीत बूट, अंगात पांढरा सदरा, हातात घट्ट धरलेली टोपी — आणि चेहऱ्यावर अशी शांतता, की त्याच्या गावी सगळे टेकडी अशीच उतरत असावेत. घसरत घसरत तो थेट तिच्या पायांशी येऊन थांबला.

"बूट काढा," अकानिसी म्हणाली.

"आधी नमस्कार तरी करू दे."

"बूट काढल्यावर. बूट घातलेल्याला वाळू ओळख देत नाही."

पोरी फिदीफिदी हसल्या. त्याने मुकाट्याने बूट काढले, उलटे केले. त्यातून निघालेली वाळू पाहून तो स्वतःच हसला, आणि अकानिसीने मान वळवली. उगाच. पाऊस डोळ्यांत जात होता म्हणून असेल.

"मी इलाइतिया. आई कंदावू बेटावरची, मी मात्र सिडनीत वाढलो."

"कुणाला न्यायला आलात?"

तिचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता, पण पोरींचं हसणं थांबलं. बाहेरून चांगल्या कपड्यांतला माणूस आला की इथून कुणीतरी जायचं. संघाची कप्तान अशीच गेली होती. मग जिने अकानिसीला शिकवलं ती गुरूबाईही गेली. आता पोरींना शिकवायला एकटी अकानिसी उरली होती.

"मी खेळाडू नेत नाही," तो म्हणाला. "खेळाडू सगळ्यांकडे आहेत. पैसा आहे, मैदानं आहेत. नसतं ते सांभाळणारं माणूस... ज्याच्या एका शब्दावर सगळा संघ वळेल, असं. जगभर हीच रड आहे. मोठमोठे क्लब मला पैसे देऊन तसं माणूस शोधायला पाठवतात."

"मग रडा तिकडेच. आमच्याकडे द्यायला काही नाही."

"तुम्ही पाहुण्यांशी नेहमी अशाच बोलता?"

"पाहुणे दारातून येतात. तुम्ही छपरावरून आलात."

तो गावात तिच्याच मामाकडे उतरला. पेनाइयामामा म्हणजे गावच्या रग्बी क्लबचे प्रमुख. आई गेल्यावर त्यांनीच तिला वाढवलं होतं. इलाइतिया रोज पहाटे टेकडीवर येऊ लागला, अनवाणी. चेंडूंच्या पिशव्या वाहायचा, पोरींबरोबर उकडलेला कसावा खायचा, आणि प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटायचा. पूर्ण नाही. अकानिसीला ते ठाऊक होतं, कारण... तिचेही पूर्ण मिटलेले नसत.

"देवासमोर डोळे मिटावेत," ती एकदा म्हणाली.

"मिटतो की. पण मिटले की मला देव दिसतच नाही."

"मग काय दिसतं?"

तो चेंडूवरची वाळू पुसत राहिला. बराच वेळ पुसत राहिला — चेंडू केव्हाच स्वच्छ झाला होता.

मग एका रविवारी गावच्या ख्रिस्ती देवळात ते घडलं. पांढऱ्या कपड्यांतल्या पोरी बाकांवर ओळीने बसल्या होत्या. पाद्रीबाबांनी नेहमीप्रमाणे आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली, होड्या घेऊन गेलेल्यांसाठी केली, आणि त्याच संथ सुरात म्हणाले, "आणि आमची लेक अकानिसी सिडनीला चालली आहे. प्रभू, तिची पावलं सांभाळ."

आमेन म्हणायला उघडलेलं अकानिसीचं तोंड तसंच राहिलं.

शेजारी वासेमाधाच्या हातातून भजनाचं पुस्तक खाली पडलं. ही संघातली सगळ्यात वांड पोर. "ताई," ती कुजबुजली, "आम्हाला सांगितलंसुद्धा नाहीस?"

मला तरी कुठे कुणी सांगितलं, असं अकानिसीच्या मनात आलं. सगळं देऊळ वळून तिच्याकडे मायेने पाहत होतं. पलीकडच्या बाकावर इलाइतिया बसला होता. त्याचा चेहरा त्याच्या सदऱ्यापेक्षा पांढरा पडला होता.

मामा देवळामागच्या आंब्याखाली सापडले.

"काल रात्री कावाच्या मुळ्यांचं पेय प्यायला बसलो होतो," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "त्याने चारचौघांत तुझं तोंडभर कौतुक केलं. म्हणाला, अशी मुलगी उभ्या जगात पाहिली नाही, ज्याला मिळेल तो नशीबवान. तो उठून गेला, आणि सगळी वडीलधारी माणसं माझ्याकडे बघायला लागली गं. चांगल्या वस्तूचं कुणी एवढं कौतुक केलं की आपण काय करतो?"

"देऊन टाकतो," ती अस्फुट आवाजात म्हणाली. "पण मामा, ते चटईचं. वल्ह्याचं. मी काय चटई आहे?"

"नुसती चटई दिली असती तर रात्री मला झोप तरी लागली असती. तुला त्याला दिली म्हणालो, आणि दिलेला शब्द तर मागे घेता येत नाही."

"माणूस कुणी देतं का?"

मामांनी हळूच वर पाहिलं. "आपण दरवर्षी देतो, पोरी. तुझी कप्तान कशी गेली? कुणीतरी आलं, कौतुक केलं, आणि आपण मोठेपणाने दिली. तू गेलीस की क्लबच्या मैदानात अळू लावावा लागेल. मला ठाऊक आहे... तरी दिली."

अकानिसी नदीकडे चालू लागली. इतकी वर्षं ती बाहेरच्यांना दोष देत होती. दार तर आतूनच उघडं होतं.

इलाइतिया तिला नदीकाठी गाठायला धावत आला. तोही अनवाणी, देवळाच्या कपड्यांत.

"मी फक्त कौतुक केलं होतं. शपथ घेतो."

"इथे नुसतं कौतुक नसतं. आईने काहीच शिकवलं नाही?"

तो थांबला. मग कपाळावर हात मारून घेतला. "मावश्या यायच्या तेव्हा आई टेबलावरचा चांगला कपडा काढून कपाटात लपवायची. मला वाटायचं... डाग पडतील म्हणून."

इतक्या दुःखातही अकानिसीला हसू आलं, आणि त्याचाच तिला राग आला.

"मी आत्ता जाऊन सांगतो, चूक झाली, नको म्हणून."

"म्हणजे मामांनी दिलेलं तुम्ही तोंडावर परत फेकणार. मग मामा गावात मान वर करून चालणार नाहीत."

"मग काय करू?"

ती हातातला विणलेला पंखा हलवत राहिली. नदीवर सर आली, आली तशी गेली. तो खाली बघून म्हणाला, "एक सांगू? काल ते बोललो ना... तेव्हा क्लबचं नावसुद्धा डोक्यात नव्हतं. मी क्लबसाठी मागत नव्हतो. माझ्यासाठीच मागत होतो, हे मला बोलल्यावर कळलं."

अकानिसीच्या हातातला पंखा पाण्यात पडला. दोघांपैकी कुणीही तो उचलला नाही. वाहत वाहत तो पार वळणाआड गेला.

"तू... काही बोलशील?" त्याने विचारलं.

"संध्याकाळी तुमच्या आईचा फोन येतो ना," ती एवढंच म्हणाली. "मामांच्या ओसरीवर या. सगळ्यांसमोर घ्या."

संध्याकाळच्या प्रार्थनेचा लाकडी नगारा वाजून गेला. वडीलधारी मंडळी ओसरीवर मांडी घालून बसली, मागे दाराशी सगळा संघ दाटीवाटीने उभा राहिला. फोनच्या पडद्यावर इलाइतियाची आई, लावेनियामावशी, दिसल्या. सिडनीतल्या वृद्धाश्रमात परिचारिकेचं काम करणाऱ्या, आणि हातात चहाचा मोठा पेला धरलेल्या. मुलाने अडखळत सगळं सांगितलं, तसे त्यांनी डोळेच मिटून घेतले.

"तुला काय सांगू बाबा," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या घरात तोंड आवरावं, हे तुला जेवणाआधी सांगायची मी."

मग अकानिसी पुढे सरकली. गुडघे मोडून, नजर खाली ठेवून, दर पहाटे बोलते त्याच मऊ आवाजात म्हणाली, "मावशी, तुमचा मुलगा फार गुणी आहे. सांगितलं नसताना पिशव्या वाहतो. पोरी त्याचं ऐकतात. मी शिकवीन, पण क्लबचा कारभार बघायला, आलेल्यांना नाही म्हणायला आमच्याकडे माणूस नाही. असं माणूस मी उभ्या जगात पाहिलं नाही. ज्याला मिळेल तो नशीबवान."

ओसरीवर श्वास थांबले. इलाइतियाने आ वासला. मामांच्या हातातली कावाची वाटी कलंडली आणि त्यांच्या कमरेला गुंडाळलेल्या सुलूवर सांडली, पण त्यांना पत्ता नव्हता.

सिडनीत लावेनियामावशींनी पेला खाली ठेवला. पडद्यातून त्यांनी मुलाकडे नीट पाहून घेतलं. एकुलता एक होता. मग तळवे पोकळ करून त्यांनी घुमणारी टाळी वाजवली, देणं-घेणं पक्कं करायच्या गावच्या रीतीने, इतक्या वर्षांनंतरही अचूक.

"दिला तुम्हाला," त्या म्हणाल्या, आणि हळूच डोळे पुसले.

"आई..."

"तू गप्प. वस्तू मध्ये बोलत नाहीत."

दाराशी वासेमाधा खो खो हसत सुटली. मामा आता भानावर आले. "पण बाई, आमची दिलेली ती तर तुमची झाली. तिला केव्हा पाठवू?"

"माझी झाली ना? मग माझी सून मी ठेवीन तिथे राहील. आमच्या घरात जागा कमी आहे. ती तुमच्याकडेच ठेवते, माझ्या मुलाजवळ." त्या थोडं थांबल्या. "ठेवायला दिलेली आहे हं. परत कुणाला देऊन टाकू नका."

मामांनी मान खाली घातली, आणि टाळी वाजवायला उचललेले हात हळूच जोडले.

दुसऱ्या दिवशी पहाटे प्रार्थना झाली. अकानिसीने शिट्टी ओठांशी नेली आणि तशीच थांबली. शेजारी तो उभा होता, अनवाणी, केसांत वाळू. सिडनीतल्या क्लबच्या साहेबाला त्याने काय कळवलं आणि साहेब काय काय बोलला, हे तो हसत हसत सांगत होता. बोलता बोलता त्याचं लक्ष तिच्या केसांतल्या फुलाकडे गेलं.

"तुझं ते फूल..." तो म्हणाला आणि घाबरून ओठ मिटून घेतले.

"बोला की," अकानिसी टेकडीकडे बघत म्हणाली. कानशिलं मात्र तांबडी झाली होती. "जे द्यायचं ते सगळं देऊन झालंय. आता कितीही कौतुक करा."

आणि तिने शिट्टी फुंकली.