गंगुबाईंची केस बंद होईपर्यंत

मी आता जे सांगणार आहे ते तुमच्यापैकी एकालाही पटणार नाही, पैज लावतो. माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवणारा माणूस करी रोडच्या पुलाच्या अलीकडे अजून जन्मलेला नाही, आणि पलीकडचे लोक माझं ऐकायलाच थांबत नाहीत. पण ही प्रेमाची गोष्ट आहे, आणि मी, कुशाबा, दहावा मजला, तिचा प्रत्यक्ष साक्षीदार आहे. आपल्या बिल्डिंगच्या अमितने ऑफिसातले मित्र आणलेत आज ह्या बाकांवर, त्यांच्यासाठी जरा मुळापासून सांगतो. बाकीच्यांनी मधे टोकू नये.

तर आमची चाळ पाडून बिल्डरने तिच्या जागी दोन टॉवर उभे केले. पुढचा काचेचा, विकायचा. मागचा आमचा, चाळकऱ्यांचा. पुढच्या टॉवरच्या लिफ्टमध्ये आरसा आहे, वारा आहे, बासरी वाजते. आमच्या लिफ्टला पाटी होती, ‘बंद आहे’. बिल्डर म्हणे सोसायटीने बघावं, सोसायटी म्हणे बिल्डरने बघावं, आणि ह्या बघाबघीत पाटीला गंज चढला. जिना एवढा लांब की मी एकदा घरून गुळगुळीत दाढी करून निघालो, खाली पोचेपर्यंत न्हाव्याने हाक मारली. वर कबुतरं अंडी घालायची, त्यांची पिल्लं खालच्या मजल्यावर उडायला शिकायची. हसा. मी म्हटलं होतं ना, पटणार नाही.

जिन्याच्या मधल्या एका वळणावर कोणीतरी प्लास्टिकची निळी खुर्ची ठेवली होती. म्हाताऱ्यांनी टेकायला. श्रावणातल्या एका संध्याकाळी श्रेया मासळीची पिशवी घेऊन वर चढत होती, तर त्या खुर्चीत एक तरणाताठा मुलगा बसलेला. खांद्याला झोळी, कपाळावर घाम, आणि खिडकीच्या जाळीतून येणारी पावसाची भुरभुर अर्ध्या चेहऱ्यावर.

श्रेया म्हणजे अकराव्या मजल्यावरच्या गंगुबाईंची नात. दादरला चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. त्यामुळे कोण कुठे बघतोय हे त्या माणसाच्या आधी तिला कळतं.

“ही खुर्ची सत्तरीच्या पुढच्यांसाठी आहे,” ती म्हणाली.

तो काही उठला नाही. “चढायला सुरुवात केली तेव्हा मी सत्तावीसचा होतो.”

श्रेयाने ओठ दाबून हसू आवरलं. कुणाकडे जायचंय, तिने विचारलं. तो म्हणाला, परळच्या एका संस्थेतून आलोय, समाजकार्यवाला आहे, नाव राजरत्न. अकराव्या मजल्यावर गंगुबाई म्हणून आहेत, त्या गुडघ्यांच्या व्यायामाला येत नाहीत, साखर तपासायला येत नाहीत, कुणाशी बोलत नाहीत, आणि… इथे तो जरा अडखळला… कागदावर त्यांच्यापुढे लिहिलंय, ‘सहकार्य करत नाहीत’.

श्रेयाचं हसू मावळलं. तिने पिशवी त्याच्या हातात दिली. “धरा. आता माझ्याबरोबर चढा. वर पोचलात की सांगा, कोण सहकार्य करत नाही ते.”

माणसाचं मन कुठे जडेल सांगता येत नाही. ह्याचं मासळीच्या पिशवीखाली जडलं. वर पोचेस्तोवर तो एक शब्द बोलला नाही, कारण बोलायला दम लागतो. पण प्रत्येक वळणावर ती मागे बघायची, आणि प्रत्येक वळणावर तो पायऱ्यांकडे बघत असल्याचं नाटक करायचा.

गंगुबाईंनी त्याला पाणी दिलं आणि आमच्या कोकणी म्हाताऱ्या विचारतात ते सगळं विचारलं. गाव कुठला, आडनाव काय, कोणातला. दुसरा असता तर इकडचं तिकडचं सांगून सुटला असता. हा सरळ म्हणाला, आम्ही बौद्ध, परळच्याच चाळीतले, पणजोबा इथल्याच मिलमध्ये होते. गंगुबाईंचे सासरेही त्याच मिलमध्ये, साचाखात्यात, म्हणजे जिथे कापड विणतात तिथे. पणजोबा कुठल्या खात्यात, त्यांनी विचारलं.

“सूत काढायच्या खात्यात. साच्यावर आमच्या लोकांना घेत नव्हते, आजी. विणताना इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागायचा. आमचं तोंड लागलेला धोटा बाकीच्यांना चालला नसता. पण सांगताना सांगायचे, ह्या लोकांना विणकाम जमत नाही.”

श्रेया दाराच्या चौकटीला धरून उभी. गंगुबाई म्हणाल्या, “म्हणजे आमचे मामंजी खोटा सांगत. आमका ते असाच सांगत… त्येंका जमणा नाय.” आणि उठल्या, गुडघा धरत धरत, आणि त्याच्यापुढे बांगड्याचं तिखलं, आमचं झणझणीत कालवण, ठेवलं. नातीलाही त्यांनी त्याच्यासमोरच पान वाढलं. त्या तिखल्याचा वास त्या दिवशी दादरपर्यंत गेला होता. मी दादरच्या माणसाला विचारलंय.

आता ह्या पोराची खुबी ऐका. गंगुबाईंपाशी तो थांबला नाही. परतताना एकेक दार वाजवत उतरला. नवव्या मजल्यावरचे गुणाजी देवळात जाईनासे झालेले, लोक म्हणत विक्षिप्त. आठव्यावरच्या दुर्गाबाई मैत्रिणींना तोडून बसलेल्या, लोक म्हणत घमेंडी. माझ्याबद्दल काय म्हणत ते मी सांगत नाही. खाली पोचेपर्यंत हा विचारात पडला. दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या संस्थेतल्या वैशाली मॅडमना विचारलं, पाचव्या मजल्याच्या वर सगळ्यांचाच स्वभाव एकदम कसा काय बिघडेल?

वैशाली मॅडम वाईट नव्हत्या. दमलेल्या होत्या. त्यांच्या टेबलावर परळपासून शिवडीपर्यंतची दुःखं चळत लावून बसलेली. त्या म्हणाल्या, बाळा, खुर्चीत बसून करायचे व्यायाम शिकव, गप्पा मार, धीर दे. मन रमलं की ‘परिस्थितीशी जुळवून घेतलं’ असं लिही आणि केस बंद कर. त्यावर हा म्हणाला, परिस्थितीने कधी त्यांच्याशी जुळवून घ्यायचं, मॅडम?

कळलं का, मला तो का आवडतो? आम्हाला समजावणारे आजवर खंडीभर आले. देवाचं नाव घ्या म्हणाले, सकारात्मक राहा म्हणाले. लिफ्टकडे बोट दाखवणारा हा पहिला.

मग तो येतच राहिला. माणसं जोडत राहिला. म्हाताऱ्यांना खाली उतरता येत नाही, म्हणून त्याने सभाच जिन्यावर भरवली, ज्याने त्याने आपापल्या मजल्यावर खुर्ची टाकून बसायचं. आणि दर वेळी, कसं कोण जाणे, श्रेयाचं दुकान त्याच्याच वेळेला सुटायचं. निळ्या खुर्चीपाशी दोघं थांबायची. एकाने बसायचं, एकाने उभं राहायचं. श्रेया पावसाने भिजलेली वेणी पिळायची, तो झोळीत नसलेलं काहीतरी शोधायचा.

“तुमचा डावा डोळा कमजोर आहे,” एकदा ती म्हणाली.

“कशावरून?”

“उजवा माझ्याकडे बघतो आणि डावा जिन्याकडे. धाडस एकाच डोळ्यात दिसतंय.”

तो हसला. मग तिने त्याच्या बाहीला लागलेला चुना झटकला, आणि हात लगेच मागे घेतला नाही. त्यानेच आपला हात मागे घेतला. एक पायरी खाली उतरून उभा राहिला. श्रेयाचा चेहरा असा झाला, जसा दिवे जाताना घराचा होतो.

“तसं नाही,” तो घाईघाईने म्हणाला. “आमच्या कामात एक नियम असतो. ज्यांची केस माझ्याकडे आहे त्यांच्या घरात मी… म्हणजे असं काही… ते बरोबर नसतं. तुमची आजी मला नाही म्हणू शकेल, अशी जागा राहायला हवी. मी घरचाच झालो तर ती कोणाकडे तक्रार करणार?”

“मग केस बंद करा.”

“आजी आपली आपण खाली उतरली की.”

“आणि तोवर?”

“तोवर मी जिना चढतो.”

हे बोलणं वर गंगुबाईंच्या कानावर गेलं. कोणी घातलं ते विचारू नका, जिन्यात आवाज घुमतो आणि दहाव्या मजल्यावरच्या माणसाला कान आहेत. पुढच्या सोमवारी वैशाली मॅडम स्वतः धापा टाकत वर आल्या, केस एवढी का लांबली ते बघायला. गंगुबाईंनी नवं लुगडं नेसून त्यांचं स्वागत केलं, आणि हसतमुखाने सांगायला लागल्या की त्यांना आता कसलाच त्रास नाही. खाली जायची इच्छाच उरली नाही. वरूनच सगळं दिसतं, वारा येतो, म्हाताऱ्या माणसाला अजून काय हवं. जुळवून घेतलंय म्हणून लिहा.

मॅडमनी पेन काढलं. श्रेया स्वयंपाकघराच्या दारात, तळव्याला तळवा घट्ट लावून. एक सही, आणि नियम संपत होता. राजरत्नने फक्त गप्प राहायचं होतं. गप्प राहिला असता तर आज मी हीच गोष्ट सांगितली असती, पण मला ती आवडली नसती.

तो गंगुबाईंच्या पायाशी जमिनीवर बसला. “आजी, तुम्हाला शेवटचं कुठे जायचं होतं?”

त्यांनी मान फिरवली. मग हळूच म्हणाल्या, बाजारात. स्वतःच्या हातानं मासळी निवडून आणायची होती. श्रेयेक ताजा-शिळा कळणा नाय.

“मग जुळवून घेतलं म्हणू नका. माणसांकडून असं म्हणवून घेऊनच त्यांना वर ठेवतात.” आणि श्रेयाकडे न बघता म्हणाला, “मॅडम, ही केस चालू आहे.”

मला वाटलं, गेलं आता पोर हातचं. पण श्रेया त्याच्याकडे बघत होती ती अशी, की तिच्या दुकानातली सगळी भिंगं एकावर एक ठेवली तरी तेवढं स्पष्ट दिसलं नसतं. वैशाली मॅडमनी पेनाला टोपण घातलं, खुर्ची ओढली आणि विचारलं, सभा किती वाजता असते?

पुढचं सगळ्या लालबागला माहीत आहे. रविवारी सकाळी बिल्डिंगच्या पोरांनी आम्हा म्हाताऱ्यांना खुर्च्यांसकट उचललं आणि पुढच्या टॉवरच्या थंडगार लॉबीत नेऊन पांढऱ्या सोफ्यांवर मांडलं. घोषणा नाहीत, काही नाही. आम्ही नुसते बसलो. दुर्गाबाईंनी विणकाम काढलं, गुणाजींनी पानाचा डबा उघडला, आणि पांढऱ्या सोफ्याशेजारी तो डबा बघून मॅनेजरचा रंग उडाला. कधी जाणार, त्याने विचारलं. गंगुबाई म्हणाल्या, लिफ्ट सुरू झाली की, आमच्या घरी चढून जाणं आम्हाला जमत नाही. काचेच्या घरातली काही माणसंही येऊन आमच्यात बसली, चहा घेऊन. मी तर त्यांच्या लिफ्टने पार गच्चीवर जाऊन आलो, तिथून मला माझं मालवणचं घर दिसलं, कौलं शाकारायला झाली होती.

आम्ही रोज सकाळी जाऊन बसलो. बिल्डर आणि सोसायटी एका टेबलाशी आले, राजरत्नने बसवलं दोघांना. आणि एके दिवशी मेकॅनिकने पाटी काढली.

आता कान द्या, हाच खरा भाग. पहिली फेरी अकराव्या मजल्यावरून खाली. आत गंगुबाई, श्रेया, राजरत्न, आणि तेलाचा डबा घेऊन मी. पाचव्या आणि चौथ्याच्या मधे लिफ्ट गचकन थांबली. काळोख. मी वर चढून एका हाताने दोर धरला, दुसऱ्या हाताने तेल सोडलं. खाली राजरत्न गुडघ्यावर बसला. खिशातून अबोलीचा गजरा काढला आणि म्हणाला, श्रेया, तुझ्या डोळ्यांत मला अख्खा अरबी समुद्र…

“खोटा,” मागच्या बाकावरून आवाज आला. गंगुबाई बाजारातून येऊन कधी टेकल्या होत्या, मला कळलंच नाही. पिशवी मांडीवर तशीच. “तू लिफ्टीत नव्हतंस, कुशाबा. मी होतंय. लिफ्ट खय थांबाक नाय, गजरो नाय नि समुद्र नाय. इचारल्यान ता माझ्या चेडवान, श्रेयान. तिसऱ्या माळ्यार. ‘लग्न करशील माझ्याशी?’ म्हणून, सरळ. आनि ह्यो बावळो गप. माझ्या पायांकडे बघता, दाराकडे बघता, घामान भिजलो, पण तोंड उघडूक नाय. लिफ्ट तळाक इली, दार उघडला, मी पाय भायर टाकलंय… तेव्हा ‘हो’ म्हणालो.”