व्योमचौकीचा चौथा भाग

त्या वॉर्डातले सगळे रोगी हसत होते. मोठ्यानं नव्हे, तान्हं मूल झोपेत हसतं तसं, ओठांच्या कडेनं. पहिल्यांदा भेटायला आलेल्या नातेवाइकांना ते बघून हायसं वाटायचं आणि नर्सेसना त्या नातेवाइकांची कीव यायची. कारण हे हसणारे रोगी एकेक करून मरत होते.

मिरजेबाहेरच्या त्या मेंदूविज्ञान केंद्रात या आजाराचं कागदोपत्री नाव होतं तृप्तिमूर्च्छा. नर्सेस त्याला गोडझोप म्हणत. प्लेग-पटकीसारखा हा आजार कुठून बाहेरून आला नव्हता. माणसानं तो हौसेनं स्वतःच्या डोक्यावर चढवून घेतला होता.

त्याचं असं झालं. पूर्वी एखादी मालिका किंवा खेळ अर्धवट राहिला की लोक पुढच्या भागाची वाट बघत. तो कधी येई, कधी येत नसे, आणि आला की बहुधा निराशाच करी. मग अनुस्वप्नाची टोपी निघाली. ही टोपी मेंदूतल्या अपेक्षा वाचायची आणि त्यांतूनच पुढचा भाग रचून त्याच मेंदूला दाखवायची. मूळ गोष्टीच्या मागून येणारं स्वप्न, म्हणून अनुस्वप्न. लेखक नको, चित्रकार नको, कंपनी नको. ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही म्हण आपण पिढ्यान् पिढ्या नुसतीच म्हणत होतो; आता तिचं यंत्र झालं. लोक त्यावर तुटून पडले. पडणारच. आपल्या मनासारखं झालेलं कुणाला नको असतं?

खिडकीजवळच्या खाटेवरचा संग्राम मगदूम ‘व्योमचौकी’च्या चौथ्या भागात अडकला होता.

व्योमचौकी हा अंतराळातल्या लढाईचा जुना व्हिडिओ गेम. छोटं यान, समोरून शत्रूच्या लाटांवर लाटा, आणि सूर्यमालेच्या वेशीवरची एक चौकी राखायची. त्याचे तीन भाग निघाले. तिसऱ्याच्या शेवटी नायकाचं यान शत्रूच्या घरट्याच्या दारात शिरतं आणि पडदा काळा होतो. त्यानंतर कंपनी बुडाली आणि दाराआड काय होतं ते कुणालाच कळलं नाही. इचलकरंजीत, यंत्रमागांच्या खडखडाटात टीव्हीचा आवाज पूर्ण वाढवून हा खेळ खेळणाऱ्या दोन भावंडांनी मात्र तो चौथा भाग मनातल्या मनात कितीतरी वेळा पुरा केला होता. जेवताना, भांडी घासताना, शाळेच्या वाटेवर तेच. संग्राम म्हणायचा, चौथ्या भागात यानाला चिमटा पाहिजे, शत्रूची गोळी पकडून त्यालाच परत मारणारा. त्याची थोरली बहीण प्रणोती म्हणायची, घरट्यात शत्रूची पिल्लं असतील, त्यांना मारायचं का नाही ते आपण ठरवायचं. आई लवकर गेलेली, वडील दिवसभर मागावर. प्रणोती सहा-सात वर्षांनी मोठी, म्हणून आईचं काम तिच्याकडे आपसूक आलं होतं.

दोघांनी खेळायच्या त्या खेळात एक सोय होती. एकाचे जीव संपले की दुसरा त्याला आपल्यातला एक उसना देऊ शकत असे. संग्राम आंधळेपणानं पुढं घुसायचा, भराभर मरायचा आणि ओरडायचा, “अक्का, एक दे की!” आणि अक्का द्यायची. स्वतःचा शेवटचासुद्धा द्यायची.

आता ती शाळेत खेळाची शिक्षिका होती. वडिलांच्या मागं संग्रामचं शिक्षण, त्याचा मोडलेला संसार, त्याचं दारूचं एक वर्ष, सगळं तिनं निस्तरलं होतं. स्वतःच्या लग्नाचं बघू बघू म्हणत राहूनच गेलं. आणि आता वर्ष होत आलं, शाळा सुटली की रोज मिरज, भावाचं अंग पुसणं, पाठीच्या जखमा बघणं, परतीची बस.

त्या दिवशी डॉ. शकील मुलाणींनी तिला खोलीत बोलावलं आणि फुप्फुसांचं चित्र दाखवलं.

“बाई, आता फार दिवस नाहीत,” ते म्हणाले.

“टोपी तर तुम्ही केव्हाच काढलीय. मग तो उठत का नाही?”

“टोपीनं फक्त सुरुवात करून दिली. आता त्याचा मेंदू आपला आपणच पुढं रचत बसलाय.” मुलाणींनी चित्र बाजूला ठेवलं. “तुमच्या घराचा जिना चढताना तुम्ही पायऱ्या बघता?”

“नाही. सवयीनं चढते.”

“आणि एखादी पायरी बोटभर खचलेली असली तर?”

“दचकते.”

“तेच. मेंदू दिवसभर अंदाज बांधत असतो. पाय कुठं पडणार, समोरचा काय बोलणार, घास किती गरम लागणार. अंदाज बरोबर आला तर तो तुम्हाला काही कळवतसुद्धा नाही. चुकला की हाक मारतो. त्या हाकेलाच आपण जाग म्हणतो. अनुस्वप्नात सगळं मनासारखंच, अंदाज कधी चुकतच नाही. मग त्यानं जागं कशाला राहायचं? आधी तो बाहेरचं ऐकणं सोडतो, मग गिळणं, शेवटी श्वास.”

“मग दचकवा की त्याला!”

“सगळं करून बघितलं. टोपी परत चढवून आत राक्षस सोडले, काळोख केला. गेम खेळणाऱ्याला राक्षसाचं काय कौतुक? त्यानं ते पाडले आणि आणखी खूश झाला. आता एकच उपाय उरलाय. पूर्वी गावाच्या राखणीला जागल्या असायचा ना, तसा एक जागल्या आत पाठवायचा. जिवंत माणूस. ज्याला आपण पुरतं ओळखतो अशी त्याची खात्री आहे, तोच माणूस. त्यानं आत जाऊन असं काही करायचं, जे तुमच्या भावाला स्वप्नातही वाटलं नसतं.”

“मी जाते,” प्रणोती म्हणाली.

“ऐकून तर घ्या. टोपी तुमच्याही डोक्यावर असणार. म्हणजे तुमचे नुसते शब्द नाही पोचणार, मनात असेल ते पोचणार. नाटक केलंत तर नाटकच पोचेल. आणि दुसरं.” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “जो अंदाज मोडून माणूस जागा होतो, तो अंदाज मेंदू पुन्हा कधी जुळवत नाही. एकदा खचलेल्या पायरीवर तुम्ही जन्मभर जपून पाय ठेवता.”

“पाय तरी ठेवेल ना? जिवंत असेल ना?”

मुलाणींनी होकाराची मान हलवली. संग्रामच्या शेजारच्या खाटेवर त्यांनी तिला झोपवलं आणि दोघांनाही टोपी चढवली.

आत गेल्या गेल्या तिच्या डोळ्यांत पाणी आलं. घरट्याचं दार उघडं होतं आणि पलीकडं सगळं जिथल्या तिथं होतं. यानाला चिमटा होता. घरट्याच्या भिंतींना शत्रूची पिल्लं लटकली होती आणि ती मारायची की नाही ते विचारणारी पाटी पडद्याच्या कोपऱ्यात झळकत होती. तिची ती जुनी सूचना तो विसरला नव्हता. लांबून यंत्रमागाचा खडखडाटसुद्धा येत होता.

“अक्का, आलीस व्हय? कवाधरनं थांबलोय,” संग्राम म्हणाला. आवाज दहा वर्षांच्या पोराचा होता.

दोघं लढले. तो नेहमीसारखा घुसला, नेहमीसारखा मेला. “अक्का, एक दे की!”

“नाही देणार,” ती म्हणाली.

तो खदखदून हसला. “नाटक बास झालं! दे लवकर.” आणि तिच्या हातानं तिला न विचारता जीव देऊन टाकला.

ती बाहेर आली तेव्हा मुलाणी खाटेपाशी उभे होते आणि नर्स प्राणवायूचा नळ वाढवत होती. संग्रामच्या ओठांवर निळी छटा होती आणि त्याच ओठांवर ते मेलं हसू.

“त्याला माहीत नाही असं माझ्याजवळ काय असणार, डॉक्टर?” ती रडकुंडीला येऊन म्हणाली. “माझं सगळं आयुष्य त्याला पाठ आहे.”

“प्रत्येकाजवळ असतं काहीतरी,” मुलाणी हळू म्हणाले. “मला नका सांगू. पण आता वेळ नाही.”

प्रणोतीजवळ होतं. कितीतरी आठवड्यांपासून होतं. ते मनात आलं की ती मोठ्यानं देवाचं नाव घ्यायची, वर्गातल्या पोरींवर उगाच ओरडायची, मिरजेला जाताना त्याच्यासाठी नवा शर्ट घ्यायची. तिनं टोपी घट्ट ओढली आणि डोळे मिटले.

संग्राम घरट्याच्या गाभ्यापाशी पोचला होता. समोर शेवटचा शत्रू, आणि याचे जीव संपलेले. “अक्का, दे की! एवढं एकदाच. जिंकलोच आपण!”

“संग्राम,” ती म्हणाली, “मी दमले रे. रोज सकाळी आंघोळ करताना मला वाटतं, फोन वाजावा आणि दवाखान्यातल्या कुणीतरी सांगावं, गेला म्हणून. मी रडेन. खूप रडेन. आणि मग झोपेन. तू मरावंस असं मला वाटतं.”

यंत्रमाग थांबले. आकाशातल्या गोळ्या होत्या तिथं थांबल्या. संग्रामचं यान सावकाश वळून तिच्याकडं तोंड करून उभं राहिलं, आणि त्या स्वप्नात तिनं आतापर्यंत न ऐकलेल्या आवाजात, मोठ्या माणसाच्या आवाजात, तो म्हणाला, “अक्का?”

वॉर्डात खोकल्याची उबळ ऐकू आली. नर्स धावली. संग्रामचे डोळे उघडे होते आणि तो हसत नव्हता.

त्या वॉर्डातून उठलेला तो पहिला माणूस. मुलाणींनी सगळ्यांना पेढे वाटले. संग्रामनं पेढा घेतला, बहिणीकडं बघितलं, आणि उशी सरकवून भिंतीच्या बाजूला होऊन बसला.

तो बरा होत गेला. दुसरं घर नसल्यामुळं तिच्याकडेच आला. वागायला इतका चांगला की शेजारणी तिला नशीबवान म्हणत. स्वतःचं ताट धुवायचा, कपडे स्वतः वाळत घालायचा. तिनं पाणी पुढं केलं तर हातात धरून ठेवायचा आणि ती आत गेल्यावर मोरीत ओतायचा. एकदा तिनं ते दाराच्या फटीतून पाहिलं. पण ती काय बोलणार? ‘तुला जागं करण्यासाठी खोटंच म्हटलं रे’ एवढं एकच वाक्य तिला वाचवू शकलं असतं. आणि खोट्यानं कुणी जागं होत नाही हे संग्रामला पुरतं ठाऊक होतं. त्याला घरी सोडताना मुलाणींनी सगळं नीट समजावून सांगितलं होतं.

एके दुपारी ती शाळेतून लवकर आली, तर संग्राम खोक्यातून काढलेली आपली जुनी टोपी हातात घेऊन जमिनीवर बसलेला. ती किंचाळलीच.

“घाबरू नको,” तो म्हणाला. “घातली होती. काढलीपण. दोन मिनिटंसुद्धा बसवलं नाही. चौकी आली, दार आलं, तू आलीस. मी काही मागितलंसुद्धा नव्हतं, अक्का. तरी तू तेच म्हणालीस.”

“ती मी नव्हे रे!”

“माहिताय. ते माझ्याच डोक्यातनं आलं. आता तिथं दुसरं काही येतच नाही.”

तिनं रडत मुलाणींना फोन लावला. सगळं ऐकून पलीकडं डॉक्टरांचा आवाज आनंदानं चढला.

“बाई, म्हणजे तो कायमचा सुटला! त्याला आता कधी गोडझोप लागणार नाही. अहो, ही तर लस झाली! एवढी माणसं पडून आहेत इथं, बाहेर रोज नवीन टोप्या घालताहेत. घरातल्या एकानं आधीच एकदा खरं बोलून टाकलं तर कुणी अडकणारच नाही. तुम्ही एकदा येऊन नातेवाइकांशी बोलाल का?”

तिनं फोन ठेवला. मुलाणी वाईट माणूस नव्हता. त्याला खाटांवरची माणसं दिसत होती, त्यांची घरं दिसत नव्हती.

ती वळली तेव्हा संग्राम उभा होता. खोक्यातली जोडीची दुसरीही काढून त्यानं आता दोन टोप्या हातात घेतल्या होत्या. कितीतरी दिवसांनी तो तिच्या इतक्या जवळ आला होता.

“अक्का, एक सुचलंय,” तो म्हणाला. “आपण दोघं घालूया. खेळायला नाही, नुसतंच. डॉक्टर म्हणतात ना, मनात असतं तेच पोचतं? मग तुझ्या मनात आता तसं नाही एवढं मला एकदा कळू दे. एकदा कळलं की बास. मी परत कधी विचारणार नाही.”

तिनं टोपी घेतली. मायेनं तिचा ऊर भरून आला होता, आणि ती माया शंभर नंबरी खरी होती. पण मोरीत ओतलेलं पाणीही तिनं पाहिलं होतं. कालच भाजी चिरताना, एकट्या घराचा विचार मनात आला होता का? आला असेल? आला नसेल, असं ती छातीवर हात ठेवून सांगू शकली असती. पण टोपीला छातीवरचा हात चालत नव्हता.

“घाल की, अक्का,” तो म्हणाला. लहानपणीसारखा तिच्या तोंडाकडं बघत होता.

तिनं टोपी डोक्यापर्यंत नेली. तिथंच तिचे हात थांबले. मग तिनं ती हळूच खाली घेतली आणि बाजूला ठेवली.

“आधी चहा ठेवते,” ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

आतून तिला ऐकू येत होतं. त्यानं दोन्ही टोप्या खोक्यात भरल्या, खोकं कपाटावर ठेवलं, आपल्या खोलीत गेला आणि आतून कडी लावली.