हद्दीपलीकडचा फेरा

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी रस्ता पाण्यात गेला.

क्षितिजानं सायकलचे ब्रेक दाबले. मातीची वाट उतरत उतरत थेट मुळशी धरणाच्या पाण्यात शिरली होती. पाणी निवांत, निळं, आणि पलीकडचा अख्खा डोंगर त्यात उलटा उभा. मोबाइलच्या नकाशावर मात्र वाट सरळ समोरच्या काठाला लागत होती. त्या वाटेवरच तर तिनं आखलेला सगळा सायकल-फेरा जुळला होता – निवे गावातून ताम्हिणी घाट उतरून कोकणात, पाली-खोपोलीवरून बोरघाट चढून लोणावळा, आणि सह्याद्रीच्या कडेकडेनं परत निव्याला. एकशे साठ किलोमीटर, दोन जिल्हे, एक दिवस.

"रस्ता हाय की," मागून आवाज आला. "मे महिन्यात."

तिनं वळून पाहिलं. काळी जुनी सायकल, हँडलला टपालाची पिशवी, आणि सायकलवर एक पाय टेकवून उभा असलेला, हसू दाबणारा तरुण.

"पण नकाशात…"

"वरनं फोटू उन्हाळ्यात काढला असंल, मॅडम. तवा पाणी मागं सरतंय, आमी बी ह्याच वाटेनं जातो. आत्ता जायचं तर होडी लागंल."

हिंजवडीच्या कंपनीत दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधणं, हा तिचा धंदा. आणि स्वतःची चूक ही अशी – खोल पाण्याखाली! तिला हसूच आवरेना.

"दुसरी वाट नाही?"

"हाय. पण ती वरनं जाती." त्यानं हनुवटीनं डोंगर दाखवला. "दम हाय का?"

त्याचं नाव कैलास. सहा वर्षं तो या डोंगरातल्या वाड्यांवर टपाल वाटत होता.

त्यानंतरचे तीन शनिवार नवी वाट आखायला ती हिंजवडीजवळच्या चांद्याहून पहाटे निघून त्याच्या टपाल कार्यालयात येत राहिली. कार्यालय म्हणजे एक खोली, एक टेबल आणि एक शिक्का. टेबलावर ती नकाशा पसरी, आणि तो उडू नये म्हणून कैलास त्याच्या कोपऱ्यांवर पार्सलं ठेवी.

"ह्या वळणावर मी उतरतो," तो बोट ठेवून सांगे. "हितं न्हाई उतरत. हितं… औषधाचं पार्सल असलं तर उतरत न्हाई, पुस्तकांचं असलं तर उतरतो."

क्षितिजा मोबाइलवर चढ ताडून पाही. जिथं तो उतरत होता तिथं चढ अकरा टक्क्यांच्या वर होता. जिथं उतरत नव्हता तिथं कमी. चौदा जागा, चौदाही बरोबर. उपग्रहानं मोजलेला डोंगर या माणसाच्या पोटऱ्यांना तोंडपाठ होता! तिनं त्याच्याकडे पाहिलं… आणि जरा जास्तच वेळ पाहिलं.

"काय झालं?"

"काही नाही. आकडे जुळतायत."

पेन्शनसाठी आलेली कृष्णाबाई दाराशीच बसलेली असे. "सरळ रस्ता असताना पोरगी गोल का फिरतीया, ते मला आत्ता उमगाय लागलंय," ती म्हणाली. कैलासनं शिक्का कोऱ्या कागदावरच मारला.

तिच्या सायकल क्लबचा नियम साधा होता. फेरा आखणाऱ्यानं तो आधी स्वतः बारा तासांत पुरा करायचा, सोबतीला दुसरा सायकलस्वार घेऊन. तरच जानेवारीत तो इतरांसाठी खुला होणार. क्लबातल्या चौघांनी चढाचे आकडे पाहून हात जोडले होते. क्षितिजानं कैलासला विचारलं.

"आमच्या सायकलीला गिअर न्हाईत."

"माझी दुसरी सायकल आहे."

"बघू," तो म्हणाला. पण रविवारी सहाला तो निव्याच्या फाट्यावर हजर होता.

आणि सव्वासातला जिल्ह्याच्या हद्दीवर थांबला.

पुढं घाट सरळ खाली कोसळत होता. कोकण ढगांखाली झाकलेलं. ढगांवर डोंगरांची फक्त डोकी, आणि त्यांवर नुकतं उतरलेलं ऊन. एवढं मोठं काही समोर असलं की शब्द फार छोटे वाटतात…

"माझी हद्द हितं संपती," शेवटी तो म्हणाला. "एसटीनं गेलोय खाली, लग्नाला. सायकलवर कधीच न्हाई. उतरलं की परत चढावं लागतंय ना."

"या वाटेनं परत यायचंच नाही आज."

"आन् न्हाई जमलं तर? माझ्यापायी तुमचा फेरा बुडंल."

क्षितिजानं श्वास घेतला. प्रत्येक वाक्य तोलून बोलणारी ती, हे मात्र न तोलताच बोलून गेली – "बुडू दे. दुसऱ्या कुणासोबत तो पुरा करायचाच नाहीये मला. आणि मी… फक्त फेऱ्याबद्दल बोलत नाहीये, कैलास."

तो ढगांकडे बघत राहिला. कान तेवढे लाल झाले.

"ह्याचं उत्तर गार पायांनी न्हाई देता येत. चढावर तापले की सांगतो," तो म्हणाला, आणि हद्द ओलांडून पहिल्या वळणावर दिसेनासा झाला.

पालीला पावणेदहा. खोपोलीला साडेबारा. बोरघाटात फक्त दोघांच्या श्वासांची लय. लोणावळ्यात त्यानं तिच्या हातात लिंबाची फोड दिली, आणि तिचा हात जरा जास्तच वेळ धरला. की तिला तसं वाटलं?

चार वाजून बावन्न मिनिटं. लोणावळा मागं पडलं आहे. एकोणीस किलोमीटर उरले आहेत, अडुसष्ट मिनिटं उरली आहेत, आणि पुढचा चढ आजचा सगळ्यात उभा आहे. डावीकडे दरी सोन्यासारखी पेटली आहे. उत्तर अजून आलेलं नाही.

पुढं चाललेल्या कैलासनं आत्ताच वेग कमी केला आहे. रस्ता अरुंद आहे, एका सायकलीपुरताच बरा. तरी तो कडेला सरकला आहे, आणि उजव्या अंगाला त्यानं एका माणसाची जागा सोडली आहे.