पडण्याची भीती

उंचावर काम करणाऱ्यांना भयशमन सक्तीचं झालं, त्याला आता नऊ वर्षं होत आली होती. क्रेनचालक, विजेच्या मनोऱ्यांवर चढणारे वायरमन, पंचेचाळिसाव्या मजल्याच्या काचा पुसणारे, सगळे चाळीस मिनिटांचा उपचार घेऊन कामावर रुजू होत. खेळाडूंना ती मुभा उशिरा मिळाली. केतकी सरनोबत ही भयशमन घेणारी पहिली पोल व्हॉल्टपटू.

चोविसाव्या वर्षी तिने चार मीटर पंचावन्न सेंटिमीटर उंचीची पट्टी ओलांडली होती. पुढे मुलगी झाली, इरा, आणि दोन वर्षांनी केतकी मैदानावर परतली. तिसऱ्याच स्पर्धेत पोल मधोमध तुटला आणि ती गादीवर न पडता कडेच्या सिमेंटवर पडली. खांद्याचं हाड वर्षभरात जुळलं. पण त्यानंतर ती धावत यायची आणि पोल रोवायच्या क्षणी हात खाली घेऊन गादीच्या बाजूने निघून जायची. दिवसातून वीस वेळा. एकदा धावपट्टीवरच बसून ती रडली, आणि दुसऱ्या दिवशी डॉ. हसीना तांबोळींकडे गेली.

डॉक्टरांनी तिला नीट समजावलं. मेंदूत बदामाएवढा एक भाग असतो. पडल्याची आठवण काढली की तिथल्या काही हजार पेशी एकदम जाग्या होतात. अशा वेळी कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीचे बारीक किरण नेमके त्यांच्यावर सोडले, तर त्या जिवंत राहतात, पण गप्प होतात. बाकी कुठल्याच भीतीला धक्का लागत नाही; साप दिसला तर माणूस दचकतोच.

महिन्याभरात केतकी उड्या मारू लागली. त्या वर्षी चार एकाहत्तर, पुढच्या वर्षी चार त्र्याऐंशी आणि आशियाई सुवर्णपदक. पोल वाकून तिला वर फेकायचा तेव्हा तिचा चेहरा झोपलेल्या माणसासारखा शांत असे. लोकांना त्याचंच कौतुक होतं.

मार्चमधल्या एका रविवारी दुपारी इरा गॅलरीत खुर्चीवरून कठड्यावर चढली. घर दुसऱ्या मजल्यावर. केतकी चार पावलांवर कपडे वाळत घालत होती. इरा खाली मोटारीच्या टपावर पडली, म्हणून वाचली. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, गुडघा चेचला गेला.

केतकीने काहीच लपवलं नाही. आठवड्याने नवरा विश्राम तिला डॉ. तांबोळींकडे घेऊन गेला, तेव्हा तिने जसं घडलं तसं सांगितलं.

"तिचा पाय सरकला तो मी पाहिला. ती पडणार हे मला कळलं होतं. हात पुढे करावा असं काही वाटलं नाही."

डॉक्टर म्हणाल्या, "कोण पडतंय हे त्या पेशींना कळत नाही. स्वतःचं पडणं आणि आपल्या माणसाचं पडणं, दोन्ही एकाच ठिकाणी असतं. हे आमच्या फार उशिरा लक्षात आलं."

क्रेनवाल्यांच्या घरून कधी तक्रारी आल्या नव्हत्या का, असं विश्रामने विचारलं.

"आल्या होत्या. आम्हाला वाटलं, माणसं कामाने निबर झाली."

उपचार उलटवता येत होता. पेशी पुन्हा जाग्या झाल्या असत्या. त्याबरोबर धावपट्टीवरची भीतीही परतली असती, म्हणजे खेळ संपला. आणि गॅलरीतली ती दुपार केतकीला तेव्हा खऱ्या अर्थाने कळली असती. डॉक्टरांनी हेही सांगितलं. संमती मात्र तिचीच हवी होती.

"एकदा हो म्हण, केतकी," विश्राम म्हणाला.

केतकीने संमतीचा कागद दोनदा वाचला. "हो म्हणायला हवं, हे मला समजतंय," ती म्हणाली. "पण घाई कशाची, ते समजत नाही. सप्टेंबरमध्ये जागतिक स्पर्धा आहे. त्यानंतर करू."

त्यात चुकीचं असं काही नव्हतं. पण इराला घेऊन विश्राम आपल्या बहिणीकडे राहायला गेला. केतकीला वाईट वाटलं, ती रडलीही. सप्टेंबरमध्ये तिने चार ब्याण्णव ओलांडून रौप्यपदक मिळवलं. ऑक्टोबरमध्ये तिने दवाखान्यात फोन करून, आणखी एक मोसम झाल्यावर येते, असं नम्रपणे कळवलं. पुढच्या ऑक्टोबरातही तेच कळवलं.

दर रविवारी ती इराला भेटायला जाई. इरा आता सात वर्षांची होती आणि काठीशिवाय चालू लागली होती. एका रविवारी दोघी बागेत जायला निघाल्या. जिन्याशी आल्यावर केतकीने हात पुढे केला. अशा वेळी हात पुढे करायचा असतो, हे तिने लक्षात ठेवलं होतं. इराने त्या हाताकडे पाहिलं. मग ती भिंतीला चिकटली आणि दोन्ही तळवे भिंतीवर टेकवून, आडव्या पावलांनी एकेक पायरी उतरू लागली.

केतकी वरच्या पायरीवरून पाहत राहिली. इराचा गुडघा आता चांगला वाकत होता.