बिनहवेची चार चाकं

खिंड ओलांडायची आणि पलीकडच्या हवामान केंद्रावर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोचायचं, एवढंच काम होतं. ऐकायला सोपं! पण गाडीच्या चारही चाकांत हवा नव्हती. गेली नव्हती हो, मुळात भरलेलीच नव्हती. बाहेरून रबराचा जाड पट्टा, आत चिवट प्लॅस्टिकच्या आऱ्यांचं जाळं. खिळा घुसो नाहीतर धारदार दगड, पंक्चर म्हणून होणार नाही. खिंडीच्या अलीकडल्या त्या दगडाळ पठारावर पंक्चर म्हणजे काय, हे ताईला कुणी सांगायची गरज नव्हती. गेल्या हिवाळ्यात तिच्या धाकट्या भावाची गाडी तिथेच तीन टायर फुटून बसली, आणि मदत पोचेपर्यंत तो गारठून मरण पावला होता.

ताई कारखान्याच्या चाचणी विभागात टायर फिटर. भावाच्या गाडीचे टायरही तिनेच बसवलेले. त्यानंतर तिला ना रडू आलं, ना कुणाचा राग. कामावर जायची, नट आवळायची, घरी येऊन झोपायची. एकदा आईने जवळ घेतलं तर ही म्हणाली, "भाजीला मीठ कमी पडलंय." आता काय बोलणार अशा माणसाला!

गाडी चालवायला काका होते. ते नात्याने कुणाचेच काका नव्हते, पण चाळीस वर्षं स्टिअरिंग धरलेल्या माणसाला दुसरं काय म्हणायचं? तिसरा इंजिनिअर. चाकं त्यानेच बनवलेली. सगळे त्याला चष्मिस म्हणायचे आणि तो ओ द्यायचा.

"जॅक कुठाय?" निघताना ताईने विचारलं.

"कशाला? स्टेपनीसुद्धा काढून ठेवलीय," चष्मिस खुशीत म्हणाला. "पंक्चरच होणार नाही, तर ओझं कशाला वाहायचं? पलीकडे बघायला मोठमोठे लोक येणारेत. जॅक दिसला तर हसतील आपल्याला."

काकांनी ताईकडे पाहिलं. विभागाचा नियम होता, चाचणीत चाकाबद्दल शेवटचा शब्द फिटरचा. पण ताईने नुसते खांदे उडवले आणि पाना तेवढा सीटखाली टाकला.

पहिल्या दिवशी चाकांनी कमाल केली! सुरीच्या पात्यासारखे दगड खडाखड मागे पडत गेले. चष्मिस तर खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळून चाकांचं कौतुक करत होता. रात्री पठाराच्या टोकाशी, चढाच्या पायथ्याला असलेल्या निवाऱ्यात मुक्काम केला, आणि सकाळी गाडी निघाली ती धप्, धप्, धप् करत! रात्रभर एका जागी उभी राहून गारठ्यात चाकं खालून चपटी झाली होती.

"गरम झाली की होतील गोल," चष्मिस म्हणाला.

झालीही, पण वर चढावं तसा गारठा वाढत गेला. वाट एका उंच कड्याच्या बाजूने वळली. उजवीकडे भिंतीसारखा डोंगर, डावीकडे खाली नुसतं धुकं.

टक्!

"ऐकलंत?" ताईने विचारलं.

"दगड उडाला असेल," चष्मिस म्हणाला.

टक्! टक्! मागचं डावं चाक बसलं. गाडी कलली. पाण्याचे कॅन धडाधड डावीकडे आले. मागची बाजू घसरली, कड्याकडे! काकांनी ब्रेकला पाय लावला नाही. गिअर पाडला, स्टिअरिंग करकचून उजवीकडे फिरवलं, आणि गाडी डोंगराला घासत, किंचाळत थांबली.

काका स्टिअरिंगला घट्ट धरून बसले होते. चष्मिसच्या चष्म्याची एक काच फुटली होती. ताईला मात्र भीती वाटली नाही. आपल्याला भीतीही वाटत नाही, याचंच तिला जरा नवल वाटलं.

सहा आरे तुटले होते. पुढचं चाक मागे आणि हे पुढे लावलं, सामान मागे उजवीकडे सरकवलं, तर तुटक्या चाकावर भार कमी पडला असता. पण गाडी उचलणार कशाने?

"घ्या आता डोक्यावर, इंजिनिअरसाहेब!" काका कडाडले.

"गाडी वर जात नाही ना, मग जमीन खाली घेऊ," ताई म्हणाली.

तिघांनी गाडीच्या पोटाखाली दगड रचले आणि चाकांखालची माती फावड्याने खणून काढली. माती कसली, बर्फासारखी घट्ट! बोटांना पाना लागतोय की नाही तेही कळेना. दोन तासांनी चाकांची अदलाबदल झाली.

"बारा किलोमीटर!" चष्मिसला हुरूप आला. "फक्त बारा! आता मागे फिरलो तर ही चाकं कायमची बासनात गुंडाळली जातील. ताई, निदान तुझ्या भावासाठी तरी..."

ताईने आऱ्यांवर अंगठा दाबून पाहिला. दगड नुसता! पुढे खिंडीत दिवसभर सावली, म्हणजे आणखी गारठा. मागे निवारा लांब होता, पण त्या उतारावर ऊन चढत होतं.

"नाही," ती म्हणाली. "ही चाकं पुढे जाणार नाहीत."

"अगं, पण..."

"दोन टायर झिजलेले होते त्याचे. मला दिसत होते. तो घाईत होता, नाही म्हटलं असतं तर चिडला असता. म्हणून मी जा म्हटलं." तिने हे नटांचा आकडा सांगावा तसं सांगितलं. "तुझा राग चालेल मला."

चष्मिसने हातातलं फावडं गाडीत टाकलं. चाकांवर ऊन येईपर्यंत थांबून ते माणसाच्या चालीने उतरले. वाटेत आणखी दोन आरे तुटले. पण निवारा आला!

ताईने अहवालात लिहिलं : 'उन्हात उत्तम. गारठ्यात नापास. आऱ्यांचं प्लॅस्टिक बदलून पुन्हा हिवाळ्यातच चाचणी घ्यावी.' चष्मिसने ते वाचलं, नाक पुसलं आणि निमूटपणे खाली सही केली.

मग तिने निवाऱ्यातल्या फोनवरून घरी फोन लावला.

"आई, त्याचे टायर झिजलेले होते. मला माहीत होतं. मीच त्याला जा म्हटलं."

पलीकडून काहीच आवाज आला नाही. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदाच ताईला भीती वाटली.

"आई? आहेस ना?"

"आहे गं," आई म्हणाली. "तू ये. आधी घरी ये."